पंचाची टोपी

गावात पंच समोर आले की माझ्या बापाचा हात पायातल्या वहाणांकडे जायचा. काढून हातात घ्यायला. मुंबईत पंच समोर आले की तोच हात पुढं व्हायचा. मळकी टोपी घ्यायला. गावातले पंच चावडीवर बसायचे, पागोटं घालून. मुंबईतले पंच मैदानावर उभे राहायचे, पांढरी टोपी घालून. शब्द एकच. मराठी भाषा कधी कधी असं खरं बोलून जाते, तिला कुणी विचारलेलं नसताना.

मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण म्हणतील, आरक्षण, ॲट्रॉसिटी, खैरलांजी एवढं सगळं पुढ्यात असताना ह्या म्हाताऱ्याला टोपी कुठून सुचली? तीही क्रिकेटची, साहेबाच्या खेळाची. सुचली नाही. ती आमच्या घरात होती. बारा-पंधरा वर्षं पावसाळ्याच्या दर आठवड्याला पाच-सहा टोप्या आमच्या खोलीत वाळत होत्या आणि त्या टोप्यांच्या पैशांत माझ्या वह्या येत होत्या. ज्याच्यावर वह्या आल्या त्याच्यावर लिहायला लाज कसली.

बाप एका जिमखान्यावर माळी होता. जिमखान्याचं नाव सांगत नाही. एकाचं सांगितलं की बाकीचे सुटतात. माळी म्हणजे जातीचा माळी नव्हे. मुंबईच्या मैदानांवर जो खेळपट्टीला पाणी घालतो, रोलर ओढतो, चुन्याच्या रेघा मारतो, जाळी बांधतो त्याला माळी म्हणतात, मग तो कुणी का असेना. बापाला हे नाव फार आवडायचं. "हितं मला कुनी म्हार म्हनत न्हाई, माळी म्हनत्यात," असं गावाकडच्या पाव्हण्याला कौतुकानं सांगायचा. पण जिमखान्याच्या माठाजवळ त्याचा ग्लास वेगळा होता. ॲल्युमिनियमचा, काठाला चेपलेला, खिळ्याला अडकवलेला. १९५५ साली अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरवणारा कायदा आला, १९७६ साली त्याचं नाव बदलून नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. खिळा तोच राहिला. 'तू यातूनच पी' असं बापाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही, त्यालाच तर व्यवस्था म्हणतात.

टोप्या आमच्या घरी आल्या त्या पावसामुळं. मुंबईत कांगा लीग म्हणून स्पर्धा आहे, डॉ. होर्मसजी कांगांच्या नावाची, १९४८ पासूनची. जगात पाऊस आला की क्रिकेट बंद होतं; मुंबईत पाऊस आला की कांगा लीग सुरू होते. आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या क्षेत्ररक्षकाला पाठ लावून उभा. चिखल असा की चेंडू टप्पा पडला की तिथंच रुतून बसतो. खेळाडू तरुण, त्यांच्या आया-बहिणी कपडे धुणार. पंच बहुतेक पन्नाशीचे. कुणी बँकेतला, कुणी रेल्वेतला, हौसेनं उभा राहणारा, भत्ता किरकोळ. त्यांच्या टोपीवर चिखल उडतो, आत घाम मुरतो, डोक्याचं खोबरेल उतरतं. लाँड्रीत दिली की भय्या वरून इस्त्री दाबतो आणि काठाची पोळी होऊन येते. एक पंच वैतागून बापाला म्हणाले, "कुणी परीट आहे का रे ओळखीचा, नीट धुणारा?" बाप म्हणाला, "हाय साहेब." टोपीमागं चार आणे ठरले.

तो परीट म्हणजे माझी आई.

आता ह्यातली गंमत बघा. गावाकडं परीट आमचे कपडे धुवायचा नाही. बलुत्यात महारही होता, परीटही होता. पण परटाच्या दगडावर महारवाड्याचं धुणं नाही आणि न्हाव्याचा वस्तरा महाराच्या डोक्याला नाही. माझ्या आजीनं जन्मभर आपलं लुगडं ओढ्याच्या खालच्या अंगाला आपणच आपटलं. तिच्या सुनेनं मुंबईत वरच्या आळीतल्यांच्या डोक्यावरच्या टोप्या धुतल्या. परटाच्या नावानं.

आणि धुणं म्हणजे नुसतं धुणं नव्हतं. "लुगडं सरळ असतं, टोपीला डोकं असतं," असं आई म्हणायची. पहिली टोपी हातात आली तेव्हा तिनं ती पाण्यात घातलीच नाही. आधी बोटांनी काठ दाबून बघितला. काठात पुठ्ठा असला तर भिजवली की लगदा. तसल्या टोपीला ओलं फडकं आणि दातांचा जुना ब्रश, वरच्यावर. काठात जाड कापडाचा थर घालून गोल गोल शिवणी मारल्या असतील तर ती भिजते. पण पंचाच्या टोपीला काठाच्या खालच्या बाजूनं हिरवं कापड लावलेलं असायचं, उन्हाची तिरीप डोळ्यांवर येऊ नये म्हणून, आणि ते हिरवं रंग सोडायचं. म्हणून गरम पाणी नाही. थंड पाणी, पाचशे एक बारचा कीस, आणि हात चटचट. चिखलाचा डाग ओला असताना चोळायचा नाही. तो वाळू द्यायचा, वाळला की झाडायचा, उरेल त्याला साबण. ओला चोळला की चिखल धाग्यात घुसतो, मग तो तुमचा बापही काढू शकत नाही. गवताच्या डागाला लिंबू आणि मीठ. आतली पट्टी, जी कपाळाला लागते, तिला खायचा सोडा पाण्यात कालवून लावायचा आणि तासभर विसरायचं. शेजारणीनं सांगितलं, ब्लीचिंग पावडर घाल, लख्ख होईल. आईनं आधी बापाच्या फाटक्या बनियनवर करून पाहिलं. घामाचा डाग जायच्या ऐवजी पिवळाजर्द झाला. पावडर परत शेजारणीला. चौथीत शाळा सुटलेली ही बाई. पण वस्तू बघितल्याशिवाय तिनं कधी कुणाचा सल्ला घेतला नाही.

पिळायची तर मुळीच नाही. फडक्यात दाबून पाणी काढायचं आणि पालथ्या तपेल्यावर बसवायची म्हणजे घेर राहतो. आमच्याकडं त्या मापाची तपेली तीनच. बाकीच्या टोप्या तांब्यावर, डालड्याच्या डब्यावर, एखादी कळशीच्या बुडावर. सोमवारी रात्री आमच्या दहा बाय सोळाच्या खोलीत भिंतीकडेनं पाच-सहा पंच रांगेत बसलेले दिसायचे, बिनतोंडाचे. माझी धाकटी बहीण त्यांच्यासमोर हात जोडून उभी राहायची, "पंच हो, माझी कोंबडी चोरीला गेली," आणि आई पदर तोंडाला लावून हसायची. पावसाळ्यात ऊन कुठलं? चाळीच्या व्हरांड्यात दोरीवर टाकलं की वास मारतं, बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते मग लिंबालाही दाद देत नाहीत. म्हणून रात्रभर दिव्याखाली. स्टोव्हजवळ ठेवायची नाही, रॉकेलचा वास धरते. एका पंचानं तशी तक्रार केली होती. सुकत आली की साबुदाण्याची पातळ खळ काठाला, आणि खळ वाळायच्या आत ओलं फडकं घालून इस्त्री.

आणि नीळ. ती शेवटच्या पाण्यात. निळीची पुरचुंडी करून पाण्यात दोनदा बुडवायची, तिसऱ्यांदा नाही. निळीशिवाय पांढरं पिवळट दिसतं. "पांढरं पांढरं दिसायला निळं लागतंय," हे तिचं वाक्य आमच्या चाळीतल्या पोरांनी नंतर एका मोर्च्यात फलकावर लिहिलं. ती चिडली होती. ती आपली धुण्याबद्दल बोलत होती.

शनिवारी बाप टोप्या वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचा. मीही बरोबर जायचो, रोलर ओढायला हात लागायचा म्हणून. पंचसाहेब टोपी बापाच्या हातून घेत नसत. "ठेव तिथं बाकावर." बाप बाकावर ठेवायचा, मागं सरायचा. साहेब टोपी उचलायचे, फिरवून बघायचे, समाधानानं हूं करायचे, चार आणे बाकावर ठेवायचे. बाप ते उचलायचा. सगळं इतकं सरावाचं की दोघंही बोलता बोलता करायचे, पावसाबद्दल, खेळपट्टीबद्दल. वैर काही नव्हतं. ते बापाला दिवाळीला धोतर द्यायचे, तेही बाकावर ठेवून.

मग सामना सुरू व्हायचा आणि मी बघायचो. षटक सुरू करताना गोलंदाज डोक्यावरची टोपी काढून पंचाच्या हातात देतो. गार वारा असला तर स्वेटरही देतो. पंच तो कमरेला बांधतो. घामानं थबथबलेली टोपी हो. ती कुणाच्या डोक्यावरची, कुठल्या गल्लीतली, पंच विचारत नाही. खेळाची रीतच तशी. म्हणजे घाम चालत होता. चिखल चालत होता. बापाचा हात तेवढा चालत नव्हता. आणि आईचा हात तर दर रविवारी त्यांच्या कपाळाला लागत होता, त्यांना ते माहीत नव्हतं एवढंच.

मैदानावर हे नवं नाही. बाळू पालवणकर पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर कामाला होते. रोलर, रेघा, जाळी, माझ्या बापाचंच काम. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता हा चांभाराचा मुलगा असा डावखुरा गोलंदाज झाला की पुण्याच्या हिंदूंना त्यांना संघात घ्यावंच लागलं. त्यांच्या हातातून सुटलेला चेंडू ब्राह्मण क्षेत्ररक्षक झेलत होते. पण चहा त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवण वेगळं. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यांनी शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद मात्र त्यांना मिळालं नाही. ते त्यांच्या भावाला, विठ्ठल यांना, १९२३ साली मिळालं, तेही भांडून. तुमच्यातला कुणी लगेच म्हणेल, हेच ना ते, १९३७ ला काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिलेले? होय, तेच. आणि पडले. ते राजकारण चुकीचं होतं हे मी आजही म्हणतो. पण ते मातीचं भांडं काँग्रेसचं नव्हतं, आपलं होतं. ते आपण त्यांच्याबरोबर फेकून देऊ नये.

१९७८ चा ऑगस्ट. २७ जुलैला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. मी तेव्हा अकरावीला. रोज रात्री आईला पेपर वाचून दाखवायचो. परभणी, नांदेड, गावांची नावं, घरांचे आकडे. ती धुता धुता ऐकायची. त्या आठवड्यात टोप्यांना नीळ जास्त झाली. पुरचुंडी तिसऱ्यांदा बुडली की काय झालं, मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. सकाळी बघतो तर पाचही टोप्या फिक्या आभाळी.

बापाचं तोंड उतरलं. पण शनिवार, करतो काय? नेल्या. बाकावर ठेवल्या. ज्येष्ठ पंचांनी टोपी उचलली, उजेडाला धरली आणि म्हणाले, "अरे, हे काय? सामन्याला जायचंय की मोर्च्याला?" पॅव्हेलियनमध्ये हशा पिकला. कुणी तरी म्हणालं, "जयभीम टोपी!" पुन्हा हशा. साहेबांना तेवढ्यावर थांबता आलं असतं. ते म्हणाले, "कुठल्या परटाकडे देतोस रे? बदल त्याला."

बाप कधी उलट बोलणारा माणूस नव्हे. मी त्याच्या शेजारी होतो म्हणून मला माहीत आहे, त्याचा आवाजही चढला नाही. "परीट न्हाई साहेब," तो म्हणाला. "माझी बायकू धुती. अकरा वर्सं झाली."

कुणी काही बोललं नाही. साहेबांनी टोपी बाकावर ठेवली. डोक्याला रुमाल बांधून मैदानावर गेले. तासाभरात पाऊस आला, सामना तसाच राहिला. पुढच्या आठवड्यात खुंटीवर पाचऐवजी दोन टोप्या. तीन पंच पुन्हा कधी धुवायला द्यायचे नाहीत. त्यांच्या टोप्या हळूहळू पिवळ्या होताना आम्ही तीन हंगाम बघितल्या, हे सांगताना मला आजही बरं वाटतं, काय करू. जे दोघं राहिले त्यातले एक पारशी होते. ते सरळ बापाजवळ आले, टोपी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "बाईला बोल, ब्लू जरा ओछा." त्यानंतर ते कायम हातातच द्यायचे. दुसऱ्यांनी शेवटपर्यंत बाकच वापरला. माणसं अशी सरळ दोन रांगांत बसत नाहीत, त्याला मी काय करणार?

घरी आल्यावर बापानं आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बारा आनं गेलं म्हना की." मग बराच वेळ तपेली घासत बसली.

मी पुढं नोकरीला लागलो, महापालिकेत. खेळाडू होण्याचं वय निघून गेलेलं. पण कायदे पाठ होते, मैदानाच्या कडेला बसून बसून. पंचांची परीक्षा असते, लेखी, तोंडी. क्रिकेटचे बेचाळीस कायदे, एकेका कायद्याला पोटकलमं. वर्ष १९८६. त्याच वर्षी नोव्हेंबरात लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडीजच्या कसोटीत पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी हे दोन भारतीय पंच उभे राहिले, दोन्ही देशांचे नसलेले, तटस्थ. तटस्थ पंच ही कल्पनाच तेव्हा लोकांना नवी वाटत होती. आम्हाला काय नवी? आम्ही गावाकडं पिढ्यान् पिढ्या तिचीच वाट बघत होतो.

पास झालो. टोपी विकत घेतली. आई म्हणाली, "आण हिकडं." मी म्हटलं, नाही, माझी मी धुणार. ती बाजूला बसून चुका काढत राहिली.

पहिलाच सामना, ऑफिसांच्या स्पर्धेतला. गोलंदाज आला, डोक्यावरची टोपी काढली आणि न बघता माझ्या हातात दिली. चिंब होती. मी ती धरून उभा राहिलो. त्याला माझं नाव माहीत नव्हतं, आडनाव माहीत नव्हतं, त्याला फक्त षटक टाकायचं होतं. सहा चेंडू होईस्तोवर ती ओली टोपी माझ्या हातात होती आणि मला माझा बाप दिसत होता, चार पावलं मागं सरलेला.

सगळं असंच गोड गेलं असं नाही. एकदा एका अधिकाऱ्याला पायचीत दिलं. चेंडू मधल्या यष्टीसमोर, पुढं आलेला पाय नाही, पोरसवदा माणसानंही दिलं असतं. जाता जाता म्हणाला, "आता बोटपण कोट्यातूनच वर जाणार." जवळचे दोघं हसले. मी पुढच्या फलंदाजाला गार्ड दिला. त्याला जावंच लागलं, एवढी एक गोष्ट त्या खेळात चांगली आहे. पंचाचा निर्णय बाकावर ठेवता येत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना माझं एक म्हणणं आहे. आपली पोरं फलंदाज व्हायला धावतात. बॅट महाग, पॅड महाग, शिकवणी महाग, आणि निवड कोण करणार ते तुम्हाला ठाऊक आहे. पंचाला काय लागतं? कायद्याचं पुस्तक, चेंडू मोजायला सहा खडे, टोपी. अभ्यास करून पास होण्याची गोष्ट आहे, आणि अभ्यास करून पास होणं हे तर आपल्याला बाबासाहेबांनी शिकवलेलं आहे. तरीही वस्तीत मी हे बोललो की पोरं हसतात. पंच म्हणजे त्यांना कुणी दुसराच वाटतो.

२०२० सालच्या साथीत क्रिकेटच्या जागतिक संघटनेनं नियम काढला: खेळाडूंनी टोपी, स्वेटर, टॉवेल पंचाकडे द्यायचा नाही. ८ जुलैला साउदम्प्टनला इंग्लंड आणि वेस्ट इंडीजचा सामना सुरू झाला, मी आणि आई टीव्हीसमोर. खेळाडूंनी गुडघा टेकला, वेस्ट इंडीजवाल्यांच्या हातात काळे मोजे. त्या दिवशी पाऊस होता. खेळ थांबलेला असताना मायकेल होल्डिंग काळ्यांच्या अपमानाबद्दल बोलला, त्याचा आवाज जड झाला होता. मी आईला मराठीत सांगत होतो. तिला होल्डिंगचं कळलं, मान हलवली. पण खेळ सुरू झाल्यावर तिचं लक्ष दुसरीकडंच होतं. गोलंदाज स्वतःची टोपी स्वतः सीमेपर्यंत नेऊन ठेवत होते, पंच हात मागं बांधून उभे. ब्याऐंशीची होती ती. म्हणाली, "आता समद्यास्नीच बाकावर ठिवायला लागलं."

दोन वर्षांनी ती गेली. तपेली माझ्याकडं आहेत, तिन्ही.

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात दर रविवारी सकाळी दहाला कायद्यांचं वाचन चालतं. पुस्तक इंग्रजीत आहे, आम्ही आपल्या भाषेत उलगडून घेतो. सध्या पाच मुलगे आहेत आणि दोन मुली. मुली जास्त वाद घालतात, पायचीतच्या कायद्यावर त्यांनी मला दोन रविवार अडवलं. पुढच्या रविवारी नो-बॉल घेणार आहोत. ज्याला यायचं असेल त्यानं यावं. येताना टोपी आणा. जुनी चालेल, मळकी चालेल. काठ दाबून बघा आधी, पुठ्ठ्याची नको.